‘म्हणे’ टाइप करायचं राहून जातं

तुमच्या फोनमधलं सगळ्यात वरचं मराठी चॅट उघडा. ग्रुप नको, एकाच माणसाबरोबरचं. आता त्यात ‘हो’ हा शब्द किती तऱ्हांनी आलाय ते बघा. एक साधं ‘हो’. एक पूर्णविराम दिलेलं ‘हो.’, हे आलं की समजायचं, समोरच्याचं काहीतरी बिनसलंय. एक ‘होओओओ’, म्हणजे कळलं, किती वेळा सांगशील. ‘हो ना’ म्हणजे मी तुझ्या बाजूने आहे. ‘हो का’ म्हणजे अजिबात नाही. ‘हो रे बाबा’, ‘हो गं बाई’, ‘हो हो’, आणि मग ‘हम्म’. या ‘हम्म’वर हॉस्टेलच्या गच्चीवर रात्र-रात्र चर्चा झालेल्या आहेत. ‘ती नुसतं हम्म म्हणाली, म्हणजे काय असेल रे?’

यातलं काहीही तुम्हाला शाळेत शिकवलेलं नाही. कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात ‘हो’पुढच्या पूर्णविरामाचा अर्थ ‘राग’ असा दिलेला नाही. तरी तुमचा अंदाज सहसा चुकत नाही. आणि तरीही दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात, स्टेजवरून कुणीतरी म्हणतंच, ‘या मुलांनी मोबाइलवर मराठीची पार वाट लावली.’

वाट लागली का, ते जरा बाजूला ठेवू. लिहिण्याचं साधन बदललं की भाषा कुठेतरी वाकते, एवढं मात्र खरं आहे. फक्त जिकडे सगळे बोट दाखवतात तिकडे ती फारशी वाकलेली नाही. सगळे मोजतात ऱ्हस्व-दीर्घ, इंग्रजी शब्द आणि शॉर्ट फॉर्म. माझं म्हणणं असं आहे की लक्ष ठेवायचं तर ते अगदी चिल्लर दिसणाऱ्या शब्दांवर ठेवावं. ना, की, हं, बरं, म्हणे. त्यांच्याकडे येतोच, पण आधी त्या शॉर्ट फॉर्मचा निकाल लावू.

स.न.वि.वि. ते ‘टीसी’

भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ साली. हाताच्या पंज्याएवढी जागा, त्यात अर्धी पत्त्यासाठी. मराठी माणसाने त्यावर काय केलं? जे तुम्ही करता तेच. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ याचं ‘स.न.वि.वि.’ केलं. वडिलांना ‘ती.’, म्हणजे तीर्थरूप. धाकट्यांना ‘चि.’ आणि ‘अ.आ.’, म्हणजे अनेक आशीर्वाद. पुरुषाच्या नावाआधी ‘रा.रा.’, म्हणजे राजमान्य राजश्री. सही करून झाल्यावर काही आठवलं तर ‘ता.क.’, ताजा कलम. घरात आजोबांच्या काळातलं एखादं पत्र सापडलं तर बघा, पहिल्या दोन ओळींत टिंबंच टिंबं असतील. तुम्ही मेसेजच्या शेवटी ‘टीसी’ लिहिता (टेक केअर, रेल्वेतला नव्हे) त्याच्याशी या टिंबांचं अगदी सख्खं नातं आहे. तारेत तर शब्दाला पैसे पडत, त्यामुळे तिथे वाक्य उरलंच नव्हतं. क्रियापद आणि नाव, संपलं. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तोवर ‘तार आली’ एवढं ऐकलं तरी घरात रडारड सुरू होण्याचे दिवस कधीच मागे पडले होते.

आणि ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल, तर मोडी लिपीकडे बघा. शेकडो वर्षं मराठीतला रोजचा व्यवहार, हिशेब, सरकारी पत्रं मोडीत लिहिली गेली. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेत. मोडी ही हात फार न उचलता भराभर लिहायची लिपी. त्या वेगासाठी तिने काय सोडलं? ऱ्हस्व आणि दीर्घ हा फरक सोडला. दोन शब्दांमधली जागा सोडली. विरामचिन्हं तर नव्हतीच. वाचणारा संदर्भावरून ओळखायचा. म्हणजे ज्या मराठीचा अभिमान म्हणून आपण मोडीतली अक्षरं टी-शर्टवर छापून घेतो, ती लिहिणारा कारकून शुद्धलेखनाच्या पेपरात सरळ नापास झाला असता. मराठी त्यामुळे मेली नाही.

तेव्हा ‘के’ आणि ‘जीएम’ लिहिल्याबद्दल फार अपराधी वाटून घेऊ नका. दुसरं एक दुखणं मात्र खरं आहे.

सत्तर अक्षरांची गोष्ट

तुम्ही मराठी रोमन अक्षरांत का टाइप करता? बहुतेक जण सांगतात, ‘सवय आहे’ किंवा ‘देवनागरीचा कंटाळा येतो’. पण ही सवय आळसातून आलेली नाही. तिच्यामागे चक्क गणित आहे, आणि ते तुमच्या ताई-दादाच्या पिढीने सोडवलेलं आहे.

जगातला पहिला एसएमएस गेला डिसेंबर १९९२ मध्ये, ब्रिटनमध्ये. एका एसएमएसला १४० बाइट एवढीच जागा ठरवलेली होती. रोमन अक्षर सात बिटांत मावतं, म्हणून इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसत. देवनागरीला मात्र प्रत्येक खुणेमागे सोळा बिट लागत. करा भागाकार. सत्तर. आणि ही सत्तर म्हणजे आपण मोजतो तशी सत्तर अक्षरं नव्हेत. काना, वेलांटी, मात्रा, पाय मोडायचा हलन्त, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘शुभेच्छा’ हा शब्द आपल्याला तीन-साडेतीन अक्षरांचा वाटतो, यंत्राला तो आठ खुणांचा दिसतो. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं की सत्तरपैकी सत्तावीस जागा गेल्या. तेच रोमनमध्ये साधारण तेवढ्याच, अठ्ठावीस जागा घेतं. पण १६० पैकी. एकाहत्तरावी खूण आली की दुसऱ्या मेसेजचे पैसे.

त्यात कीपॅड बटणांचे. बऱ्याच हँडसेटवर देवनागरी नसायचीच. असली तरी एकेका अक्षरासाठी तेच बटण तीन-चारदा दाबायचं. आणि मेसेजला पैसे पडत. सणाच्या दिवशी कंपन्यांचे स्वस्त पॅक चालत नसत, म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच उरकल्या जात. २०११ मध्ये ‘ट्राय’ने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली आणि पुढे ती दोनशे केली, तेव्हा कॉलेजांमध्ये हळहळ झाली होती! ज्याच्याकडे तेवढाही बॅलन्स नसे तो मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल म्हणजे ‘खाली ये’, दोन म्हणजे ‘निघालो’. शून्य अक्षरांत निरोप. अशा काळात रोमनमध्ये मराठी लिहिणं हे शहाणपणच होतं.

पण ते कारण आता उरलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सत्तर-एकशे साठची मर्यादा नाही, अक्षरामागे पैसे नाहीत. रोमनमध्ये टाइप करत गेलं की आपोआप देवनागरी उमटणारे कीबोर्ड फुकट मिळतात. बोललेलं लिहून देणारा माइकही त्यातच आहे. कारण गेलं, सवय राहिली. आणि या सवयीचं बिल कोण भरतं, ते जरा बघा.

बी-ए-एल अशी तीन अक्षरं लिहिली. हे काय आहे? बाळ, बाल, बळ, की बल? ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘त’ आणि ‘ट’ या जोड्या रोमनमध्ये एकमेकींत विरघळतात. माणसाला संदर्भावरून कळतं, मोडी वाचणाऱ्याला कळायचं तसंच. यंत्राला ते जड जातं. एकट्या ‘नाही’चीच चार-पाच स्पेलिंगं तुमच्याच वर्गात सापडतील. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. या लोकांचं रोजचं, जिवंत, मजेशीर लिखाण जर असं हजार स्पेलिंगांत विखुरलेलं असेल, तर कीबोर्ड पुढचा शब्द सुचवणार तरी कसा? मग तो चुकीचं सुचवतो, आपण वैतागून परत रोमनवर जातो, आणि गाडं तिथेच रुततं. मराठीच्या खास गरजा तशाही उशिरा पोचतात. ‘अ‍ॅप’मधला तो ‘अ‍ॅ’ हे एक सलग अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला २००८ साली. चुकून हिंदी कीबोर्ड लावून बसलात तर तो तुम्हाला आजही ‘ऐप’ शिकवेल.

यंत्राचं सोडा. तुमच्या घरात असं कुणी आहे का, जे रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतं, पण ज्याला इंग्रजी लिपी येत नाही? आजी असेल, मामा असेल, गावाकडची काकू असेल. त्या माणसाला तुम्ही मराठीत, आपल्याच भाषेत पाठवलेला मेसेज वाचता येत नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवावा लागतो. मित्रांशी रोमनमध्ये बोला, खुशाल बोला. पण या एका चॅटपुरता तरी कीबोर्ड बदलायला काय हरकत आहे?

आलोच!

आता त्या चिल्लर शब्दांकडे.

‘ये.’ हा हुकूम आहे. ‘ये ना’ ही विनंती. ‘ये की’ म्हणजे अडलंय कशाला. ‘ये बरं’ म्हटलं की बोलणारा आपोआप मोठा होतो आणि ऐकणारा लहान. ‘ये हं’मध्ये माया आहे, पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला आलेली आजी पुढच्या वेळेसाठी म्हणते ते. क्रियापद तेच, अर्थ तोच, आणि तरी पाच वेगळी नाती. जगाला चेहऱ्यावरचे भाव अक्षरांत आणायला पिवळे गोल शोधावे लागले; मराठीकडे हे काम करणारे एका अक्षराचे शब्द आधीपासून होते. आणि ‘च’चं काय सांगू! ‘आलो’ म्हणजे पोचलो. ‘आलोच’ म्हणजे अजून अंघोळ व्हायची आहे.

गंमत अशी की हे शब्द बोलण्यात होते, कागदावर फारसे नव्हते. निबंधात कोण ‘हं’ लिहितं? प्रश्नपत्रिकेत ‘केले’, ‘गेले’, ‘झाले’. ‘केलं-गेलं’ म्हणजे बोलण्याची भाषा. चॅटने ही भिंत पाडली. आणि नुसती प्रमाणभाषेतली नाही. नागपूरचा पोरगा ‘काय करून राहिला बे’ हे आता लिहितो. कोल्हापूरची मुलगी ‘येतोय की’ लिहिते. हो, मुलगी असूनही ‘येतोय’. मालवणचा ‘खंय’, खानदेशातला ‘शे’, सगळे टाइप होतात. वर्गात हात वर करून बोलताना जी मुलं आपली बोली गिळून पुणेरी वळणाचं काहीतरी बोलायचा प्रयत्न करतात, ती चॅटवर सरळ घरच्यासारखी लिहितात. ‘विषय हार्ड’, ‘नाद खुळा’ हे कोल्हापूरकडचे शब्द आज ठाण्यातल्या मुलांच्या तोंडी आहेत, आणि त्यासाठी कुठल्याही पाठ्यपुस्तकात धडा लावावा लागलेला नाही. मला विचाराल तर या साधनांनी मराठीवर केलेला हा सगळ्यात मोठा उपकार आहे, आणि भाषा दिनाच्या भाषणांत तो कुणी सांगत नाही.

बाहेरून आलेल्या शब्दांचीही आपण बिनबोभाट व्यवस्था लावली. मेसेज ‘आला’. लिंक ‘आली’. ओटीपी ‘आला’ (किंवा रेंज नसल्यामुळे नाहीच आला). स्टोरी ‘टाकली’, कदाचित आतून ‘गोष्ट’ ऐकू येते म्हणून. कमेंट ‘केली’, लाइक मात्र ‘ठोकला’. स्टोरी टाकतात, डीपी ठेवतात, रील करतात. कुठलीही समिती बसली नाही, तरी एवढं सगळं ठरलं. काही अजून ठरायचंय: मेल ‘आला’ की ‘आली’? रील ‘टाकली’ की ‘टाकलं’? तुमच्या बेंचवरच दोन पक्ष निघतील.

एक अवघड जागा मात्र चॅटने जास्तच अवघड केली. मराठीत तोंड उघडायच्या आत ठरवावं लागतं, समोरचा ‘तू’ की ‘तुम्ही’. समोरासमोर ते वय, कपडे, आवाज बघून ठरतं. चॅटवर फक्त एक गोल फोटो असतो, तोही बऱ्याचदा डोंगराचा. मग दोन वर्षांनी सीनियर असलेल्याला नोट्स मागताना आपण काय करतो? सर्वनामच गाळतो. ‘नोट्स मिळतील का?’ ‘उद्या यायला जमेल का?’ ‘कॉलेजला यायचंय का?’ एकाही वाक्यात ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही. तेच लिंगाचं. क्रियापद लगेच विचारतं, बाई की पुरुष? ‘जेवलीस का?’ या प्रश्नाची आंतरजालावर एवढी टिंगल झाली की आता कुणी तो सरळपणे विचारूच शकत नाही, पण निदान त्यात विचारणाऱ्याने समोर कोण आहे हे ठरवलेलं असतं. ज्याला ठरवायचं नसतं तो ‘जेवण झालं का?’ म्हणतो. इतकी सफाई! आणि म्हणे मुलांना व्याकरण येत नाही.

जिथे लिहून सूर सापडत नाही तिथे व्हॉइस नोट. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली २०१३ मध्ये. ज्यांचा हात लिहिता नव्हता अशा कितीतरी जणी तिच्यामुळे पहिल्यांदा कुणाच्या मदतीशिवाय निरोप पाठवायला लागल्या. शेतातून, बाजारातून, पाठीमागे कुकरची शिटी होत असताना. मग २०२१ मध्ये तीच नोट दीडपट, दुप्पट वेगाने ऐकायची सोय आली. आईची तीन मिनिटांची नोट दीड मिनिटात. वेळ वाचतो, यात वाद नाही. फक्त एकदा त्याच नोटा साध्या वेगात लावून बघा. ‘बरं... ठेवते मग’ यातला तो मधला थांबा दुप्पट वेगात ऐकू येत नाही.

निळ्या खुणा

नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने दोन राखाडी खुणा निळ्या केल्या. बदल एवढाच, रंगाचा. पण त्याने मराठीतली एक जुनी, फार उपयोगी सबब मारून टाकली: ‘तुझं पत्र मिळालंच नाही.’

पत्राच्या जमान्यात गप्प बसण्याला निश्चित अर्थ नव्हता. पत्र हरवलं असेल, उत्तर वाटेत असेल, माणूस गावाला गेला असेल. निळ्या खुणेनंतर गप्प बसणं हेच एक वाक्य झालं. ‘सीन केलं आणि रिप्लाय नाही’ ही तक्रार तुम्ही केली आहे किंवा तुमच्याविरुद्ध झाली आहे. या ‘सीन’ला चांगला मराठी शब्द नाही, कारण ती भावनाच आपल्याकडे नव्हती. वाचणं आणि उत्तर देणं यांच्यामधल्या वेळाचा हिशेब पूर्वी कुणाकडेच नसायचा.

मग सुरू झाल्या पळवाटा. नोटिफिकेशनमधूनच वाचायचं, उघडायचं नाही. विमान मोड लावून वाचायचं. खुणा बंद करण्याची सोयही कंपनीने लगेच दिली, पण तुमच्या बंद केल्या तर दुसऱ्यांच्याही दिसणार नाहीत, ही अट. आणि ग्रुपमध्ये तर त्या बंद होतच नाहीत. म्हणजे बघितल्याचं कळू द्यायचं नसेल तर बघितलं का हे कळण्याचं सुखही सोडायचं. फार थोडे जण हा सौदा करतात.

घरच्यांचा सौदा वेगळा. ‘पोचल्यावर मेसेज टाक’ हे वाक्य हॉस्टेलला निघालेल्या प्रत्येक मुलाने बॅग उचलताना ऐकलंय. पूर्वी खुशालीचं पत्र आठ दिवसांनी पोचायचं आणि ते आठ दिवस घरच्यांना कळ काढावी लागायची. आता ‘पोचलो’ यायला वीस मिनिटं उशीर झाला तर तीन कॉल. शिवाय ‘लास्ट सीन’ आहेच. ‘रात्री पावणेतीनला जागा होतास?’ असं सकाळी सात वाजता विचारलं जातं, तेव्हा ‘अभ्यास करत होतो’ हे उत्तर देणाराही जाणतो आणि ऐकणाराही. काळजी आणि पाळत यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हे प्रत्येक घर आपापलं ठरवतंय. काही जण आईसाठी लास्ट सीन बंद करतात आणि मग रोज रात्री आपणहून ‘झोपतेय गं’ टाकतात. हा तोडगा मला आवडतो.

कर्ता कोण?

आता या सगळ्यातला जो भाग गमतीचा नाही तो.

मराठीत ‘म्हणे’ नावाचा एक अफलातून शब्द आहे. ‘परीक्षा पुढे ढकलली’ आणि ‘परीक्षा पुढे ढकलली म्हणे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात तुम्ही जबाबदारी घेता. दुसऱ्यात सांगता, मी ऐकलंय, मी पाहिलेलं नाही, तुमचं तुम्ही बघा. हेच सांगायला इंग्रजीत ‘आय हर्ड दॅट’ असा वेगळा तुकडा जोडावा लागतो. मराठी माणूस वाक्याच्या शेपटीला दोन अक्षरं लावतो. आणि याच ‘म्हणे’च्या आधी नाव लावलं की ती सही होते. तुका म्हणे, नामा म्हणे. बोलणारा मी, हे शब्द माझे. म्हणजे एक ‘म्हणे’ नावासकट, एक ‘म्हणे’ नावाशिवाय. दोन्हींत ऐकणाऱ्याला कळतं की बोलण्यामागे किती खात्री आहे.

फॉरवर्डमध्ये या दोन्हींपैकी एकही नसतं. कुठलाही जुना फॉरवर्ड काढून त्याची भाषा बघा. ‘सर्वांना कळविण्यात येते की’. ‘सावध राहण्याचे आवाहन करण्यात येत आहे’. ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. कोण कळवतंय? कोण आवाहन करतंय? ही सरकारी परिपत्रकाची वाक्यरचना आहे, जिच्यात कर्ता मुद्दाम पुसलेला असतो. परिपत्रकाला निदान खाली शिक्का आणि सही असते. फॉरवर्डला तीही नाही, किंवा असली तर खोटी. पुलं आणि वपुंच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेली किती वाक्यं फिरतात, त्यांची मोजदाद नाही. वर ‘जसं आलं तसं पुढे पाठवलं’ हा शेरा मारून पाठवणाराही हात झटकतो. चहाच्या टपरीवर हीच बातमी ‘म्हणे’ लावून सांगितली असती, ऐकणाऱ्याने ‘कोण म्हणालं?’ विचारलं असतं, आणि तिथेच ती अर्धी झाली असती. बटण दाबून पाठवताना ‘म्हणे’ लावायला जागाच नसते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीपासून फोनाफोनांवर फिरत होते. भिक्षा मागत हिंडणारे, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण त्या दिवशी गावात आले. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जण गेले. टोळी वगैरे काही नव्हतीच. त्या वर्षी देशात इतरही ठिकाणी असंच झालं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, खूप वेळा फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल असं झालं.

ती बारीक, तिरकी ‘फॉरवर्डेड’ खूण म्हणजे यंत्राने उशिरा लावलेलं ‘म्हणे’च आहे. पण ती राखाडी अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही. शिवाय मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की ती निघूनही जाते.

फॅमिली ग्रुपवर असं काही येतं तेव्हा तुमची पंचाईत होते, कारण ते टाकणारे काका तुमच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे असतात. ‘हे फेक आहे’ असं थेट लिहिलं की खाली शांतता पसरते आणि दोन मिनिटांत आईचा खासगीत मेसेज येतो: ‘काकांशी असं बोलतात का?’ इंग्रजी फॅक्ट-चेकची लिंक टाकली तर ती कुणी उघडत नाही. मग काय करायचं? काही मुलं सरळ ‘म्हणे’च वापरतात. ‘काका, असं झालंय म्हणे? कोण म्हणालं?’ यात काका खोटं बोलले असं कुठेच येत नाही. त्यांनी फक्त ऐकलंय, एवढंच येतं. आणि खरंही तेच असतं. त्यांना मागे यायला वाट राहते.

बहुतेकदा उत्तर येत नाही. कुणीतरी जोडलेले हात टाकतं, आत्या सकाळचं गुलाबाचं फूल दुपारी टाकते, विषय वाहून जातो. पण कधीतरी अर्ध्या तासाने बघावं, तर काकांच्या नावाखाली मेसेज डिलीट केल्याची राखाडी ओळ असते, आणि त्याखाली त्यांनी स्वतः, एका बोटाने, देवनागरीत टाइप केलेलं वाक्य: ‘खरं नव्हतं म्हणे.’